वाढीच्या मापाचा कुर्ता

"काकी, हा तर माझ्याच मापाचा झाला."

ऋतुजाने कुर्ता पिशवीतून काढून काउंटरवर पसरला होता. तिच्या हातात एक पांढरी नाडी होती, आपण सलवारीला घालतो तसली. नाडीला तीन गाठी मारलेल्या. नाडीचं एक टोक कुर्त्याच्या खांद्यावर धरून ती नाडी खाली सोडत होती. गाठ कुर्त्याच्या घेराखाली दोन इंच लोंबत होती. तिने पुन्हा लावून बघितलं. पुन्हा तेच.

मी म्हटलं, "तुझा कुर्ता तुझ्या मापाचा नाय होणार, तर कुणाच्या होणार?"

तिने नाडी मुठीत गोळा केली. शनिवारची दुपार होती. सोमवारी शाळा उघडणार होती. काउंटरवर माणसांची गर्दी, आणि ही नववीत जाणारी मुलगी नवा गणवेश हातात घेऊन रडायच्या बेतात. लोक बघायला लागले. मी तिला हाताला धरून पडद्याआड नेलं.

मी शिळफाट्यावर एका शिवणाच्या दुकानात कामाला आहे. बावीस वर्षं झाली. दुकान अण्णांचं. कटिंग अण्णा करतात. दोघीजणी मशीनवर बसतात. मुलींची मापं घेणं, स्लिप लिहिणं आणि काज-बटणं हे माझं काम. मुलींची मापं बाईनेच घ्यावीत असं आयांचं म्हणणं असतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं, पण आकड्यांत मी चुकत नाही. हे काम मला आवडतं, कारण यात बोलावं लागत नाही. टेप लावायची, आकडा लिहायचा. मी मान वर करून बघत नाही, म्हणून गिऱ्हाइकांची तोंडं माझ्या लक्षात राहत नाहीत. खांदे राहतात.

पंधरा-वीस दिवसांपूर्वी ऋतुजा आईबरोबर मापाला आली होती. आईने दोन सेट सांगितले. एक अंगावर, एक दोरीवर, सगळ्याच आया तसं सांगतात. मी मापं घेतली. छाती तीस, उंची छत्तीस, खांदा तेरा. तेवढ्यात आईचा फोन वाजला आणि ती बाहेर गेली. ऋतुजा माझ्या कानाशी आली.

"काकी, एक सेट मोठा करा ना."

"किती मोठा?"

"छाती तीन इंच जास्त. उंची दोन. आणि खांदा एक."

मला हसू आलं. "अगं, पोत्यात भरल्यासारखी दिसशील."

"दिसू दे. वाढीचा करा. मला पुढच्या वर्षी होईल."

वाढीचं माप म्हणजे काय ते सांगते. मूल वाढतं, कपडा वाढत नाही. म्हणून अंगाच्या मापापेक्षा थोडा मोठा शिवायचा, म्हणजे तो दुसऱ्या वर्षीही चालतो. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ आया वाढीचा करा असं सांगतात. पण ते आई सांगते. मुलगी कधीच सांगत नाही. मुलीला कपडा अंगावर बसायला हवा असतो. आईच्या पाठीमागून वाढीचं माप मागणारी मुलगी मी बावीस वर्षांत पहिल्यांदा बघत होते. तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

आई आत आली. ऋतुजाने जाता जाता विचारलं, "मी सांगितलं तसंच ना, काकी?"

मी मान हलवली.

चूक इथे झाली. परक्या माणसाने काही विचारलं की मला तोंडाने उत्तर सुचत नाही. मी मान हलवते. त्याचा अर्थ 'ऐकलं' एवढाच असतो. माझ्या घरच्यांना आणि अण्णांना ते माहीत आहे. ऋतुजाला कुठून माहीत असणार? तिला ते 'हो' वाटलं. ती खूश होऊन गेली. आणि मी स्लिपवर लिहिलं, दोन सेट, एकच माप.

मी असं का केलं तेही सांगते. ढगळ गणवेश घालून मुलगी शाळेत गेली की शाळेतले सर चिठ्ठी पाठवतात, चिठ्ठी घेऊन आई येते, आणि अण्णा माझ्यावर ओरडतात. दुसरं म्हणजे मला माझ्या मायेची खात्री होती.

माया हा आमच्या धंद्यातला शब्द आहे. कापड कापताना टिपेच्या बाहेर थोडं कापड जास्तीचं ठेवतात. ते आतल्या बाजूला राहतं, बाहेरून दिसत नाही. पुढे कपडा घट्ट झाला की टीप उसवायची, आतलं कापड सोडायचं, बाहेरून नवी टीप मारायची. ह्या आतल्या कापडाला माया म्हणतात. अण्णांचा नियम अर्ध्या इंचाचा. कापड वाचतं. पण मुलींच्या स्लिपवर मी कोपऱ्यात बारीक अक्षरात 'माया दीड' लिहीत आले. म्हणून मनात म्हटलं, ह्या पोरीला वाढीचं माप कशाला? पुढच्या वर्षी येईल तेव्हा सोडून देऊ.

आता पडद्याआड ऋतुजा नाकाने सूं सूं करत उभी होती.

"ही नाडी कुणाच्या मापाची गं?" मी विचारलं.

"हर्षदाच्या."

"हर्षदा कोण?"

"माझी मैत्रीण. कुंभिवलीला ऱ्हाते, मामाकडं. तिला आई नाय. पहिलीपासून आमी एका बाकावर बसतो." तिने नाक पुसलं. "आठवीपर्यंत गणवेश शाळेतून मिळायचा. नववीला नाय मिळत. तिनं मामीला सांगितलंय, नववीला पण शाळाच देते. मामी बोलली, बघते देते का. नाय दिला तर सोमवारीच पळसदरीच्या बंगल्यावर ऱ्हायला जायचं. तिथं कामाला पोरगी पायजे हाय."

"हे तुला तिनं सांगितलं?"

"ती कशाला सांगंल? मामी माझ्या आईशी बोलत होती, तेव्हा मी ऐकलं. हर्षदा मला बोलते, मला शाळेचा कंटाळा आलाय."

"आणि तू कुर्ता दिलास तर घेईल?"

"मी दिला तर तोंडावर फेकंल. म्हणून मी सांगणार, बाईंनी माझ्याकडं दिलाय, शाळेचा हाय. माझं काय, मी एकच सेट रोज धुवीन. आईला सांगीन, दुसरा वाळतोय." मग एकदम माझा हात धरला. "काकी, कुणाला सांगू नका. आईला पण नाय. हर्षदाला कळलं तर ती माझ्याशी आयुष्यात बोलणार नाय."

"नाय सांगणार," मी म्हटलं. ह्या वेळी तोंडाने म्हटलं.

"नाडी कधी लावलीस तिला?"

"उंच कोण, ते बघू या म्हटलं. मग गंमत म्हणून सगळीकडून मोजली." रडता रडता तिला थोडं हसू आलं. "ती बोलली, तू काय माझी शवपेटी करतेस काय."

मी कुर्ता घेऊन अण्णांच्या टेबलापाशी गेले. अण्णा कात्री चालवत होते. त्यांच्यासमोर अर्जंट कामाचा ढीग होता.

"अण्णा, हा कुर्ता मोठा करायचा हाय. तीन इंच."

"तीन? पोरगी हाय का पोळी फुगतेय?" कात्री थांबली नाही. "चूक कुणाची? गिऱ्हाइकाची का आपली?"

"माझी."

"मग बुधवारनंतर बघू. बुधवारी ताग्याची गाडी येतेय, नवाच कापू. ह्या चौकड्याचं आता इंचभर कापड नाय माझ्याकडं."

"सोमवारी सकाळी पायजे."

"का?"

मी टेबलावरची छोटी कातर उचलली.

"जेवायच्या सुट्टीत कर मग. माझं काम थांबवू नको," अण्णा म्हणाले.

मी कुर्ता उलटा केला आणि कातरीच्या टोकाने काखेपासून टीप उसवायला घेतली. हिशोब सोपा होता. कुर्त्याला दोन बाजू. प्रत्येक बाजूला पुढचा पल्ला आणि मागचा पल्ला, म्हणजे कापडाचे एकूण चार काठ. दीड इंच माया असेल तर चारही काठांतून पाऊण पाऊण इंच सोडायचं, झाले तीन इंच. अर्ध्या तासाचं काम.

टीप सुटली. मी काठ पसरला आणि बघत राहिले. आत अर्धा इंच कापड होतं. मी दुसरी बाजू उसवली. तिथेही अर्धा.

मी दुकानात कधी मोठ्याने बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "अण्णा, माया कुठं हाय?"

मशीनवरच्या दोघी वळून बघायला लागल्या. अण्णांनी कात्री ठेवली.

"कसली माया?"

"मी स्लिपवर दीड लिहिली होती!"

"लिवली होतीस. मी कापली पण दीडच. तुला काय वाटतं, एवढी वर्षं तू कोपऱ्यात मुंग्यांसारखं लिवतेस ते मला दिसत नाय? डोळ्यांवर कातडं ओढून कापतो मी." त्यांनी कुर्ता हातात घेतला, काठावरून बोट फिरवलं, आणि दाराजवळच्या मशीनकडे बघितलं. "अरे देवा. ओव्हरलॉक."

ओव्हरलॉक म्हणजे कापडाचा कडेचा दोरा सुटू नये म्हणून काठ गुंफणारं मशीन. आमच्याकडे ते त्या वर्षीच आलं होतं. त्याला एक पातं असतं. मशीन काठ गुंफतं आणि गुंफता गुंफता जास्तीचं कापड कापून टाकतं.

"त्या पात्याला काय कळतंय?" अण्णा म्हणाले. "जादा आलं का कापलं. ते काय इचारत बसंल, ही कुणाची माया हाय म्हणून?"

सीझनच्या गर्दीत मी नुसती बटणं लावत होते. एकही कुर्ता उलटा करून बघितला नव्हता. त्या सीझनच्या सगळ्या मुलींच्या कुर्त्यांत आतून अर्धाच इंच होता.

ऋतुजा पडद्याला धरून उभी होती. तिला माया, काठ, पातं यातलं काही कळत नव्हतं, पण आमची तोंडं कळत होती. ती हळूच म्हणाली, "नाय होणार?"

अण्णांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या खांद्याकडे बघितलं, मग कुर्त्याकडे. ते कटिंग मास्तर आहेत. तीन इंच मोठा कुर्ता ह्या पोरीचा नाही हे त्यांना तेवढ्यात कळलं असणार.

"कुंदा, खरं सांग. सोमवारीच का पायजे?"

"सांगता येत नाय, अण्णा."

"मला पण नाय?"

"तुमाला पण नाय."

ते थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. मग बाहेर गिऱ्हाइकांना ओरडले, "चहाची सुट्टी हाय, पंधरा मिन्टांनी या!" आणि मला म्हणाले, "पोतं उपडं कर."

दुकानात कातरणाचं एक पोतं असतं. गादीवाला महिन्यातून एकदा येऊन घेऊन जातो. मी ते जमिनीवर उपडं केलं. चौकड्यांच्या लांब लांब पट्ट्या निघाल्या, इंचभर रुंद. पात्याने कापून टाकलेली सगळी माया पोत्यात होती. अण्णा धोतराचा सोगा आवरून खाली बसले. मी बसले. ऋतुजाही बसली. आम्ही तिघं पट्ट्या निवडायला लागलो. एकसारखी पट्टी चालणार नव्हती. चौकड्याची निळी रेघ कुर्त्याच्या निळ्या रेघेला मिळायला हवी, नाहीतर जोड लांबून दिसतो.

पट्ट्या निवडताना माझ्या मनात इंदू आली. ती अशीच येते, हात कामात असताना.

आमचं गाव पळसदरीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. शाळा दोन खोल्यांची. इंदू माझ्या शेजारी बसायची, नेहमी भिंतीला पाठ टेकून. जागा बदलायला सांगितलं तर रडायची. फळ्यापाशी बोलावलं की आडवी चालत जायची, भिंतीला घासत. पोरं तिला खेकडी म्हणायची. मीपण म्हणायची. तीपण हसायची. लंगडीला बोलावलं तर पाय दुखतो म्हणायची. आम्ही दोघी एका आवळ्याचे दोन तुकडे करून खायचो, करवंदं काढायला बरोबर जायचो, पण चालताना ती कायम माझ्या मागे. मला वाटायचं, तिला पुढे चालायची भीती वाटते.

चौथीत एकदा हापशीवर ती पाणी प्यायला वाकली आणि मी चुकून तिच्या मागे उभी राहिले. तिचा फ्रॉक गळ्यापासून कमरेपर्यंत फाटलेला होता. बाभळीचे काटे टोचून जोडलेला. एक काटा निसटला होता. मी ओरडले, "इंदे, तुझी पाठ दिसतेय गं!" मला तो काटा नीट लावून द्यायचा होता. दुसरं काही मनात नव्हतं. पण मी मोठ्याने बोलले. सगळी शाळा हापशीवर होती.

इंदू दुसऱ्या दिवशी आली नाही. आठ दिवसांनी मी तिच्या झोपडीवर गेले तर तिथे नुसत्या तीन दगडांची चूल होती. तिचे आई-बाप खडीच्या खाणीवर कामाला होते. खाण हलली की ती माणसं हलायची. कुठे गेली ते कुणाला माहीत नव्हतं. त्याच वर्षी माझीही शाळा सुटली, पाचवी लांबच्या गावात होती म्हणून. लाजरी मी त्यानंतर झाले, असं आई म्हणायची.

अजूनही शिळफाट्याच्या बाजारात माझ्या वयाची बाई भिंतीच्या कडेने चालताना दिसली की मी थांबते. तोंड मी ओळखणार नाही. चाल ओळखेन. भेटली तर काय बोलायचं तेही मी ठरवलेलं नाही. शेजारी उभी राहीन, एवढंच. भाजी घेईन.

"कुंदा, झोपलीस काय?" अण्णांनी माझ्यासमोर दोन पट्ट्या धरल्या. "ह्या बघ. रेघ मिळते."

एक इंचाच्या दोन पट्ट्या उभ्या जोडल्या की शिवण जाऊन दीड इंचाची एक पट्टी होते. ती कुर्त्याच्या पुढच्या आणि मागच्या पल्ल्याच्या मध्ये घातली, की एक इंच वाढ मिळते. दोन बाजूंना दोन इंच. उरलेला एक इंच चार काठांतल्या अर्ध्या अर्ध्या इंचातून पाव पाव सोडून काढला. तीच पट्टी काखेतून पुढे बाहीत नेली, नाहीतर हात वर केल्यावर काख फाटते. घेराची दुमड पूर्ण उसवून खाली सोडली आणि आतून साध्या कापडाची पट्टी लावली. तिथे पावणेदोन इंच मिळाले. सलवारीचं सोपं होतं, नाडी ओवायच्या वरच्या नेफ्याला एक पट्टी वाढवली.

अडला तो खांदा. छाती वाढवता येते, उंची वाढवता येते, खांद्याला माया ठेवतच नाहीत. खांदा कमी पडला की कुर्ता मागे ओढला जातो आणि घालणाऱ्याला सारखा पुढे ओढावा लागतो. दुसऱ्याचा कपडा घातलाय हे माणसाच्या खांद्यावरून कळतं.

"जोड द्यावा लागंल," अण्णा म्हणाले.

"दिसेल ना."

"ओढणी कशी घेतात ह्या पोरी?"

ऋतुजाने उठून दाखवलं. घडीची ओढणी, दोन्ही खांद्यांवर पिना. ओढणीखाली खांदा पूर्ण झाकला जात होता.

"शाळेचे नियम कधी कधी कामाला येतात," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी स्वतः दोन्ही खांदे अर्धा अर्धा इंच वाढतील अशा पट्ट्या कापून दिल्या. एवढ्या वर्षांत अण्णांनी कातरणातून काही कापलेलं मी बघितलं नव्हतं.

शिलाई मी केली. ओव्हरलॉकवर घातलं नाही. आतले सगळे काठ हाताने दुमडून शिवले, एकही दोरा सुटा ठेवला नाही. मनात होतं, पोर उंच आहे, अजून उंच होईल, कपडा टिकला पाहिजे. चारच्या सुमाराला कुर्ता इस्त्री करून काउंटरवर आला. ऋतुजाने नाडी लावून बघितली. उंचीला पाव इंच कमी, बाकी दोन्ही गाठी बरोबर. तिने कुर्ता तिच्या सेटखाली लपवून पिशवीत भरला आणि पळाली. थँक्यू वगैरे म्हणायचं विसरून गेली.

अण्णांनी मला पुढे कधीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "ओव्हरलॉकचं पातं काढायला सांगितलंय. मुलींचे काठ बिनपात्याचे मारा."

सोमवारी सकाळी मी नेहमीच्या टमटमने दुकानात येत होते. हायवेच्या शाळेपाशी टमटम थांबली. गेटात पोरांची झुंबड होती. मी रोज तिथून जाते आणि रोज दुसरीकडे बघते. त्या दिवशी बघत राहिले. ऋतुजा गेटापाशी एकटीच उभी होती, रस्त्याकडे डोळे लावून. टमटमवाला बिडी पेटवत होता. मी मनात म्हटलं, अजून थोडा वेळ ओढ बाबा.

कुंभिवलीच्या बाजूने एक मुलगी आली. ऋतुजापेक्षा चार बोटं उंच. दोन वेण्या, ओढणीला पिना. मी चेहरा बघितला नाही. खांदा बघितला. बरोबर बसला होता. चालताना तिने एकदाही कुर्ता पुढे ओढला नाही.

ऋतुजाने तिला बघितलं आणि उगाच दप्तराची चेन लावायला घेतली. हर्षदा तिच्या पाठीत गुद्दा घालून म्हणाली, "चल की! पहिल्या दिवशी पण उशीर करतेस." आत वळताना ऋतुजाची नजर टमटमकडे गेली. तिने मला ओळखलं आणि ओळख न दाखवता निघून गेली. तेच बरोबर होतं. तरी मला वाटलं, उतरावं आणि त्या दोघींच्या मागून थोडं चालावं. नुसतं गेटापर्यंत. टमटम सुटली.

पुढची गोष्ट दिवाळीच्या सुट्टीनंतरची. दुपारी दुकानात कुणी नव्हतं. एक उंच मुलगी आली आणि तिने कुर्ता काउंटरवर ठेवला. घेराची दुमड एका जागी सुटली होती. मी कुर्ता ओळखला, आणि काही न बोलता सुईत दोरा ओवला.

"काकी, ही आतली पट्टी तुमीच लावली ना?"

माझा हात थांबला. मान हलणार होती, ती मी आवरली.

"खोटं नका बोलू," हर्षदा म्हणाली. "शाळेचा गणवेश मी आठ वर्षं घातलाय. आतून नुसते दोरे लोंबत असतात. हा उलटा केला तेव्हाच कळलं, हा शाळेचा नाय. मग दुकानं शोधत आले. ह्या दुकानात चौकड्याचे गणवेश दिसले."

"मी काय सांगणार नाय," मी म्हटलं. "मी शब्द दिलाय."

"सांगू नकाच. आणि तिला पण सांगू नका, मला कळलंय म्हणून. तिला वाटतंय मला ठाऊक नाय. ऱ्हाऊ दे तसंच. आता ती रोज एकच ड्रेस धुऊन ओला घालून येते, आणि मी बघितलं नाय असं दाखवते." तिने स्टूल ओढलं आणि बसली. "तिच्यासाठी मी पण कायतरी करीन. माझ्या पद्धतीनं."

मी टाके घालत राहिले. मग मला स्वतःलाच नवल वाटलं, पण मी विचारलं.

"तुला राग आला का गं तिचा?"

"आला ना. दोन दिवस आला. मग घातला."

"आणि तिनं सगळ्यांसमोर दिला असता तर? चांगल्या मनानं, पण सगळ्यांसमोर?"

हर्षदाने विचार केला. तिला वाटलं असेल, मी ऋतुजाबद्दल विचारते आहे.

"मग नसता घातला. शाळेत पण परत नसते आले."

"तिच्यावर रागावून?"

"छे! तिच्यावर कशाला? ती वेडी हाय, तिला काय कळतंय." ती हसली. "मला लाज वाटली असती, म्हणून. तिची आठवण तर आलीच असती."

मी सुई खाली ठेवली आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने पदर डोळ्यांना लावला. दुमड चार बोटं सुटली होती. मी सगळा घेर पुन्हा शिवून दिला, सावकाश, ती बसली होती तोवर. ती शाळेतलं काहीबाही सांगत होती. मी ऐकत होते.

आता ती दहावीत आहे. ऋतुजाही आहे. दोघी अजून एकमेकींपासून लपवून आहेत, आणि दोघी मला वेगवेगळं येऊन सांगतात, सांगू नका म्हणून.

शिवणकाम करणाऱ्यांना ह्यातून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कुणाला गुपचूप द्यायचा कपडा असेल तर आतली शिलाई एवढी नीट करू नये. चार दोरे लोंबते ठेवावेत.